बुधवारी चार वाजता, घरी कोण बसणार?

*घोडबंदर रोड, सोसायटीचा ग्रुप. शनिवार सकाळ.*

मेधा, बी-७०३: टँकरचा विषय जरा बाजूला ठेवते. आपल्या चार विंगमध्ये अंथरुणाला खिळलेलं, विस्मरणाचं किंवा मानसिक आजाराचं माणूस सांभाळणारी आठ-नऊ घरं मलाच माहीत आहेत. आमचं त्यातलंच एक. सांभाळणाऱ्यांनी बुधवारी दीड तास क्लबहाऊसमध्ये एकत्र बसावं असं मनात आहे. भाषण नाही, हारतुरे नाहीत.

सेक्रेटरी, ए-२०१: उत्तम! नामवंत डॉक्टर बोलावू. बॅनर, अल्पोपाहार कल्चरलमधून बसेल.

मेधा, बी-७०३: दादा, बॅनर लागला की ज्यांनी यायला हवं ती माणसं लिफ्टमधूनच परत वर जातील. चहा मात्र द्या.

सी-११०२: 🌹🙏 शुभ सकाळ. हसत रहा, आनंदी रहा.

काकू, डी-४०४: घरातलं चारचौघांत कशाला? आमच्या सासूबाईंचं आठ वर्षं केलं, कुठे अक्षर बोललो नाही.

मेधा, बी-७०३: काकू, तुमचं सगळ्यांनी पाहिलंय. त्या आठ वर्षांत लग्नाकार्याला किती वेळा गेलात हो?

सुहास, सी-६०२: मला यायचंय, पण येऊ कसा? बाबा एकटे राहत नाहीत. परवा कचऱ्याची पिशवी ठेवायला दाराबाहेर पाऊल टाकलं, आतून कडी. पाऊण तास मी बाहेरून 'बाबा, कडी काढा', आणि ते आतून 'साहेब घरी नाहीत, संध्याकाळी या.' शेवटी सुतार आणला. ब्युरोच्या मावशींची सुट्टीही नेमकी बुधवारीच.

काकू, डी-४०४: एकाही नाही. भाच्याच्याही नाही.

मेधा, बी-७०३: सुहास, खरी अडचण तीच. आधी राहायचो तिथे असा गट होता. पहिल्या दिवशी चौदा जण, चौथ्या वेळी तिघं. कंटाळून नाही, घरी बसायला कोणी नव्हतं म्हणून. त्यामुळे मला आधी बसणारे हवेत, बोलणारे नंतर.

आणि दुसरी गोष्ट. तिथे एकीने सांगितलं, सासूबाई रात्री सातव्यांदा उठवतात तेव्हा हात उगारला जाईल की काय अशी भीती वाटते. सांगताना ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिचं वाक्य संपायच्या आत तिघांनी तीन उपाय सांगितले, त्यातला एक गोमूत्राचा. ती पुन्हा आली नाही. तेव्हा इथे विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. जो गट चालवेल त्याने स्वतः कमी बोलायचं आणि गप्प बसलेल्याकडे लक्ष ठेवायचं. त्या गटात एक काका एकटेच पाऊण तास बोलायचे, म्हणून मी किचनमधला टायमर आणणार आहे. पाच मिनिटं, मग पुढचा. आणि क्लबहाऊसमधलं बोलणं या ग्रुपवर अजिबात नाही.

सेक्रेटरी, ए-२०१: वेळ सहाची ठेवू? नोकरीवाले येतील.

मेधा, बी-७०३: दिवेलागणीला विस्मरणाच्या माणसांची घालमेल वाढते. 'घरी जायचंय' सुरू होतं, घरातच बसून. चार ते साडेपाच. नोकरीवाल्यांसाठी रविवारचं नंतर बघू.

सिस्टर ताई, ए-९०४: मी बसेन. नर्स म्हणून नोकरी झाली आहे, म्हणून आधीच स्पष्ट सांगते. बसणाऱ्याने पेशंटला उचलायचं नाही, औषध द्यायचं नाही, नळीतून भरवायचं तर मुळीच नाही. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, ती घरच्यांनी बदलूनच खाली यायचं. फोन चालू ठेवायचा. चहा अर्धा टाकून पळावं लागलं तर कोणी वाईट वाटून घेऊ नये.

रोहन, डी-१००१: घरच्यांपैकीच कोणी अगदी खचलेलं असेल तर?

सिस्टर ताई, ए-९०४: मग चहावर भागवायचं नाही. टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक त्रासासाठीचा सरकारी नंबर २४ तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे. उपचार तिथे. आपण शेजारी आहोत, तेवढंच राहू.

बी-३०२: आईंचा एअर बेड माळ्यावर पडून आहे. पंप चालू आहे. कोणाला हवा असेल तर घेऊन जा, विचारायचीही गरज नाही.

काकू, डी-४०४: मी बसते. कोणाकडे बसू?

मेधा, बी-७०३: काकू 🙏 सुहासच्या बाबांकडे?

सुहास, सी-६०२: काकू, ते तुम्हाला ओळखणार नाहीत. दुरुस्त करू नका, 'हो, हो' म्हणा. कडी मी काढून टाकली आहे.

काकू, डी-४०४: वेळ कसा घालवतात?

सुहास, सी-६०२: रमी. नावं विसरतात, पण डाव नाही. जोकर मात्र मांडीखाली लपवतात.

काकू, डी-४०४: लपवू देत. मीही लपवते.

सी-११०२: टँकर किती वाजता?