मदत हवी आहे: ग्रीक 'क्लेरोस'ला मराठीत काय लिहू? (घाई आहे)

शब्दवेडी: कोशात चिठ्ठी, जमिनीचा तुकडा, वारसा असे तिन्ही अर्थ दिलेत. मी 'त्याला चिठ्ठीने वाटा मिळाला' असं लिहिलंय, पण पुढचं वाक्य काही केल्या जुळत नाही. आजच हवंय.

खापरखुणा: मजकूर कुठला? होमरच्या 'इलियड' या महाकाव्याच्या सातव्या सर्गात प्रत्येक वीर आपल्या क्लेरोसवर खूण करून तो आगामेम्नोनच्या शिरस्त्राणात टाकतो, नेस्टोर ते हलवतो आणि आयासचा क्लेरोस उडून बाहेर पडतो. म्हणजे हातात धरायची वस्तू. कवी हेसिओडकडे तोच शब्द भावाभावांत वाटलेल्या मिळकतीला. काळ कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

जुनी_पोथी: मराठी बायबलात वारशाला 'वतन' आहे. तेच लिहा, भारदस्त वाटतं.

बांधावरून: वतन नको. आपल्याकडे वतन म्हटलं की पाटीलकी, कुलकर्णीपण, चाकरी आलीच. अथेन्समधल्या खासगी मिळकतीला असलं काही चिकटलेलं नव्हतं.

शब्दवेडी: अथेन्सचा भाषणलेखक इसायोस, त्याचं कोर्टातलं भाषण आहे. क्रियापद 'लांखानो'.

खापरखुणा: मग घोळ क्रियापदात आहे. लांखानोचा मूळ अर्थ चिठ्ठीने मिळणे, पण अथेन्सच्या कोर्टात 'क्लेरोस' षष्ठीत आणि सोबत लांखानो आलं की अर्थ होतो वारशाचा दावा लावणे. अजून हाती काहीच आलेलं नाही. औरस मुलगा थेट ताबा घ्यायचा. पुतण्या, चुलतभाऊ किंवा मृत्युपत्राने दत्तक गेलेला, यांना आर्खोन या अधिकाऱ्याकडे दावा लावावा लागे. इथे क्लेरोस म्हणजे मयताची सगळी मिळकत, घर-जमीन, रोकड, येणं-देणं धरून. 'मिळकतीवर दावा लावला' लिहा.

सोंगटी: क्लेरोतेरिओन, म्हणजे अथेन्सचं ज्युरी निवडायचं यंत्र, विसरू नका! दगडी पाटीच्या खाचांत नावांच्या पट्ट्या खोचायच्या, बाजूच्या नळीतून काळे-पांढरे फासे सोडायचे. पांढरा आला की ती आडवी ओळ ज्युरीत, काळा आला की ती ओळ घरी.

बांधावरून: ती ज्युरीची निवड. प्रश्न वारशाचा आहे.

शब्दवेडी: हो, षष्ठीच आहे! पुढे 'एपिक्लेरोस' आलंय. वारसदार मुलगी?

खापरखुणा: नको, त्याने ती मालक वाटते. भाऊ नसलेली मुलगी. मिळकत तिच्यासोबत जाते आणि पुढे तिच्या मुलांची होते. तिच्याशी लग्नाचा हक्क बापाकडचा सर्वांत जवळचा पुरुष नातलग सांगू शकतो. शब्द तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत खुलासा द्या.

जुनी_पोथी: निदान लेस्बोस बेटावरच्या जमिनीला तरी वतन चालेल? इ.स.पू. ४२७ मध्ये अथेन्सने तिथल्या जमिनीचे ३००० क्लेरोस पाडले, त्यातले ३०० देवांना.

बांधावरून: तिथेही नाही. उरलेल्या तुकड्यांसाठी अथेन्सचे लोक चिठ्ठ्या टाकून निवडले, पण जमीन लेस्बोसचेच लोक कसत आणि तुकड्यामागे वर्षाला दोन म्ना (पैशाचं माप) खंड भरत. सरळ 'जमिनीचा वाटा' म्हणा.