पिसवांची फवारणी आणि उंदरांचे औषध

बी-३०२: गुरुवारी फवारणी होऊनही आज पार्किंगमध्ये पायाला पिसवा चावल्या. कमिटीने जालीम औषध मारून घ्यावे, ही विनंती.

ए-५०४: ताई, तक्रार रास्त आहे, परंतु या वेळचे औषध, पायरिप्रॉक्सिफेन, पिसू जागच्या जागी मारणारे नसून तिची वाढ बिघडवणारे आहे. पिसवेची अळी कात टाकत वाढते आणि अंगातले ज्युव्हेनाइल हार्मोन (तिला अळीच्याच अवस्थेत ठेवणारा स्राव) ओसरले की कोषात जाते. हे औषध त्याच हार्मोनची नक्कल करत असल्यामुळे अळीची पुढची वाढ खुंटते आणि ती मरते. मादीला ते लागले तर अंड्यातला बलक बिघडतो. एवढेच नव्हे, तर पूर्ण वाढलेल्या पिसवेच्याही आतड्याचे अस्तर, लाळग्रंथी आणि चरबीच्या पेशी त्याने खराब झालेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. तुम्हाला चावल्या त्या बहुधा आधीच कोषात असलेल्या. कोषाला धूळ चिकटलेली असते, आत औषध पोहोचत नाही आणि पावलांच्या हादऱ्याने पिसू बाहेर पडते. दोनतीन आठवडे असे होईल. तोवर फरशी धुऊ नये, फक्त झाडावी.

सी-१०१: काका, आमच्या मनीला पिसवांसाठी ल्युफेन्युरॉन नावाचे औषध दिले आहे. ते हेच का?

ए-५०४: नाही. ते कायटिन, म्हणजे कीटकाच्या अंगाचे कठीण आवरण ज्याचे बनते तो पदार्थ, तयार होऊ देत नाही. मांजराचे रक्त प्यालेल्या मादीच्या अंड्यात अळी तयार होते, पण कवच फोडायचा तिचा दातही कायटिनचाच असल्याने ती आतच अडकते. मनीच्या अंगावरचे काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. लाल डाग उमटला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे सुकलेले रक्त. अळ्या त्यावरच पोसतात.

कमिटीला मात्र कळकळीची विनंती आहे की, रविवारी डक्टमध्ये उंदरांचे औषध टाकू नये. उंदीर मेला की पिसवा थंड पडलेले अंग सोडून दुसरे ऊबदार शरीर शोधतात. १८९६ साली मुंबईच्या मांडवीत प्लेग सुरू झाला, तेव्हा हे कोणाला ठाऊक नव्हते. उंदरावरची पिसू रोग वाहते, हे १८९८ मध्ये कराचीत फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवले. प्लेगचे जंतू तिच्या जठराच्या तोंडाशी चिकट थर धरून रक्ताची वाट अडवतात आणि उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते. आज आपल्याकडे प्लेग नाही, पण उंदरांच्या पिसवांमुळे टायफसचा तापही येतो. म्हणून आधी पिसवा आटोक्यात आणाव्यात, उंदरांचे औषध त्यानंतरच टाकावे.

सेक्रेटरी: काका, रविवारचे काम पुढे ढकलले आहे.