कॅटफिशसाठी साधा सरंजाम आणि आमिष: कलेजी गळावर टिकतच नाही

नवा_गळकरी:
आजवर बांबूच्या काठीला बूच बांधून बारके मासे धरले. आता कॅटफिशचा नाद लागलाय. पाणी गढूळ, संथ. काठावरूनच बसणार, दीड-दोन किलोचा मासा मिळाला तरी खूश. व्हिडिओ बघून डोकं फिरलं, प्रत्येकाची काठी वेगळी. त्यात दोनदा कोंबडीची कलेजी लावली, दोन्ही वेळा गळ कोरा वर आला. मासे मला फसवतायत का?

काठावरचा:
मासे नाही हो, फेकतानाच कलेजी उडतेय. पुढच्या वेळी नीट बघा, शिसं एकीकडे पडतं आणि कलेजी दुसरीकडे. शिवणाचा दोरा घ्या, गळावर कलेजी ठेवून आठ-दहा वेढे मारा आणि तोडा. गाठसुद्धा लागत नाही. एवढाही खटाटोप नको असेल तर तीन-चार गांडुळं एकाच गळावर ओवा, शेपट्या लोंबत्या ठेवा. मी अजूनही पहिल्यांदा गांडूळच लावतो.

काठी सात-आठ फुटी, जरा दणकट. दोरी साधी नायलॉनची, 0.35 ते 0.40 मिमी. वेणीची, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी आत्ता नको, दगडावर घासली की दगा देते.

खरी गंमत शिशात आहे. भोकाचं शिसं मुख्य दोरीत मोकळं ओवा, मग एक मणी, मग फिरकी, म्हणजे दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी. फिरकीपुढे वीतभर-दीड वीत दोरी आणि गळ. मासा आमिष तोंडात धरून निघाला की दोरी शिशातून सरकते, त्याला ओझं लागत नाही. घट्ट बांधलेलं शिसं लागलं की तो थुंकून मोकळा. मणी कशाला? शिसं गाठीवर आपटत राहतं म्हणून. संथ पाण्यात 30 ग्रॅम पुष्कळ.

गळ 1/0 किंवा 2/0 मापाचा, टोक उघडं. आमिषात टोक पुरून ठेवायची खोड मला फार वर्षं होती, किती मासे घालवले देव जाणे. टोक नखावर टेकवून ओढा. रुतलं तर ठीक, घसरलं तर कानस मारा.

रातकिडा:
गोल गळ, म्हणजे टोक आत वळलेला असेल तर हिसका अजिबात नको. काठी वाकू द्या आणि नुसतं गुंडाळत राहा, जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप अडकतो.

आणि आमिष सडकंच हवं असं म्हणतात, ते काही खरं नाही. या माशाला मिशांवरच काय, अंगभर चव कळते. ताज्या माशाचा रक्ताळलेला तुकडा मला कायम जास्त लागू पडलाय. फक्त पांढरा पडला की बदला, वास धुऊन गेलेला असतो. मी अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवत नाही.

काठावरचा:
कबूल. एक राहिलंच: रिळाचा ब्रेक सैल ठेवा, म्हणजे माशानं ओढली की दोरी सुटते. एकदा घट्ट ठेवून चहा ओतायला वळलो, मागे बघतो तर काठी पाण्यात चाललेली. गुडघाभर चिखलात उतरून मूठ धरली. चहा गेला.

मासा हातात घेताना पाठीवरचा आणि दोन्ही बाजूच्या परांचा काटा सांभाळा. तो काटे ताठ करून अडकवून ठेवतो, लहान माशाचे तर जास्तच टोकदार. परांच्या मागून पोटाखाली हात घाला.

नवा_गळकरी:
दोरा लावून काल संध्याकाळी बसलो. कलेजी टिकली! अंधार पडल्यावर दोरी हळूच सरकायला लागली आणि मी सवयीनं हिसका मारला. गळ कोरा.

काठावरचा:
आज परत जा. हात मांडीखाली दाबून बसा.