मदत हवी आहे : थंबनेलवरील मराठी मजकूर फोनवर वाचताच येत नाही

शहापूरची शिवणताई
नमस्कार. माझे शिवणकामाचे यूट्यूब चॅनेल आहे. थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणाऱ्या छोट्या चित्रावर, काय लिहिले आहे ते कळत नाही, अशी तक्रार आता क्लासला येणाऱ्या मुलीच करू लागल्या आहेत. अक्षरे मोठी करून झाली, पिवळा रंग देऊन झाला, काळी किनारही जाड केली, तरी फोनवर सगळे गिचमिडच दिसते. रविवारी नवा व्हिडिओ टाकायचा आहे. कोणता फॉन्ट वापरावा, एवढेच कृपया लवकर सांगावे.

निपाणीकर
ताई, सध्या आपण कोणता फॉन्ट वापरता, थंबनेल मोबाईलवर करता की संगणकावर, आणि मुख्य म्हणजे त्यावर नेमके काय लिहिता, हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार? एखादे थंबनेल इथे टाकता आले तर उत्तम, नाही तर मजकूर जसाच्या तसा लिहावा.

चिकोडीचा वाचक
स्वतःचे थंबनेल लावण्याआधी यूट्यूबवर फोन नंबर पडताळून घ्यावा लागतो. तो पडताळला नसेल तर आपोआप निवडलेल्या चित्रांपैकीच एक घ्यावे लागते. आधी ते तपासावे.

अक्षरजुळारी, बेळगाव
त्या लावत आहेत म्हणूनच तर विचारत आहेत. लग्नपत्रिका आणि हँडबिले जुळवण्यात माझी हयात गेली, म्हणून सांगतो, श्रीलिपी या संगणकावरच्या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमधील ठळक वळणांची सर दुसऱ्या कशालाही नाही. दुकानात येऊन मजकूर जुळवून घ्यावा, प्रश्न मिटेल.

निपाणीकर
दर व्हिडिओला त्यांनी दुकानात यायचे का? शिवाय श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारखाच वाचला जाणारा, नसतो. तो मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये चिकटवला की भलतीच अक्षरे उमटतात. मुक्ता किंवा बलू हे दोन्ही फॉन्ट मोफत आहेत, युनिकोड आहेत आणि पुरेसे जाडही आहेत.

शहापूरची शिवणताई
मी मोबाईलवरच करते आणि अ‍ॅप उघडल्यावर जो फॉन्ट पहिला येतो तोच ठेवते. गेल्या व्हिडिओवरचा मजकूर असा होता : "३६ छाती कटोरी ब्लाऊज कटिंग आणि शिलाई, मुंढा व गळापट्टीसह संपूर्ण माहिती सोप्या पद्धतीने". त्याखाली हेच सगळे कन्नडमध्येही होते, कारण गोकाक आणि बैलहोंगल भागातील बऱ्याच भगिनी व्हिडिओ पाहतात. एका बाजूला माझा फोटो आणि दुसऱ्या बाजूला ब्लाऊजचा.

खानापूरचा वाटसरू
हे तर अख्खे पत्रक झाले! मी कणकुंबी आणि भीमगडच्या रानातले व्हिडिओ टाकतो आणि थंबनेलवर एक अक्षरही लिहीत नाही. चांगला फोटो असला की मजकूर लागतच नाही. आपणही सगळा काढून टाकावा.

निपाणीकर
धबधब्याला ते चालते, ब्लाऊजला चालणार नाही. बोटभर चित्रात कटोरी कोणती आणि प्रिन्सेस कट कोणता, हे सराईत डोळ्यालाही ओळखता येत नाही, म्हणून शब्द हवेतच, मात्र दोन-तीन पुरेत. ताई, व्हिडिओचे शीर्षक चित्राच्या खाली दिसतेच, त्यामुळे "३६ छाती", "कटिंग", "संपूर्ण माहिती" हे सर्व तिथे जाऊ द्यावे. चित्रावर तेवढेच लिहावे ज्यासाठी पाहणारी थांबेल. त्या व्हिडिओत शिकणाऱ्या मुलींची सर्वांत मोठी अडचण कोणती सोडवली आहे?

शहापूरची शिवणताई
बाही जोडल्यावर मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या काखेभोवतीच्या घेरात, चुण्या पडतात, ती. व्हिडिओचा अर्धा वेळ त्यातच गेला आहे आणि रविवारच्या भागातही तोच विषय पुढे नेणार आहे.

निपाणीकर
मग "मुंढ्यात चुण्या?" एवढेच लिहावे आणि शेजारी चुण्या पडलेल्या बाहीचा जवळून घेतलेला फोटो ठेवावा. आपला फोटो या वेळी नसला तरी चालेल.

अक्षरजुळारी, बेळगाव
शब्द योग्य आहेत, पण ते लावताना काळजी घ्यावी लागेल. "मुंढ्यात" या एका शब्दात वर अनुस्वार आहे, खाली उकार आहे आणि मध्ये जोडाक्षर आहे. काळी किनार जाड केली की अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेत मिसळतो आणि "मुढ्यात" असे वाचले जाते. ढ च्या पोटातली मोकळी जागाही बुजते. आपल्या "गळापट्टी"तल्या ट्ट चे नेमके असेच झाले असणार. त्यामुळे किनार बारीक असावी आणि तीही अक्षराच्या बाहेर, आत नव्हे. दोन ओळी केल्यास अंतर सढळ ठेवावे, नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. अक्षरांमधले अंतर वाढवण्याची जी सोय अ‍ॅपमध्ये असते ती रोमन लिपीसाठी ठीक आहे, देवनागरीत तिने शिरोरेषा तुटते. आणि श्रीलिपीबद्दलचे माझे मत मी बदललेले नाही.

खानापूरचा वाटसरू
यूट्यूबवर एकाच व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल देऊन तुलना करण्याची सोय आहे. एक मजकुराचे आणि एक बिनमजकुराचे लावावे, म्हणजे वाद आपोआप मिटेल.

निपाणीकर
सूचना चांगली आहे, मात्र तिथे निकाल किती जणांनी क्लिक केले यावर नव्हे, तर कोणत्या थंबनेलमुळे व्हिडिओ अधिक वेळ पाहिला गेला यावर लागतो, आणि निकाल हाती यायला वेळ लागतो. रविवारपर्यंत तिचा उपयोग नाही.

शहापूरची शिवणताई
सर्वांची आभारी आहे. पण कन्नडचे काय करू? ते काढले तर तिकडच्या भगिनींना वाटेल की हा व्हिडिओ आपल्यासाठी नाही.

चिकोडीचा वाचक
आमच्या घरात दोन्ही भाषा चालतात, म्हणून सांगतो. दोन लिप्या एकाच चौकटीत कोंबल्या की दोन्ही अर्धवट राहतात. यूट्यूब स्टुडिओमध्ये शीर्षकाचे आणि वर्णनाचे भाषांतर जोडता येते. तिथे कन्नड शीर्षक दिले की ज्यांच्या खात्याची भाषा कन्नड आहे त्यांना तेच दिसते. थंबनेलवर माप द्यायचेच असेल तर मोजपट्टीवर असतात त्या इंग्रजी आकड्यांत द्यावे, ते गोकाकलाही वाचता येतात आणि शहापूरलाही. फक्त उजव्या खालच्या कोपऱ्यात काही लिहू नये, तिथे व्हिडिओची लांबी दाखवणारी काळी चौकट येते.

शहापूरची शिवणताई
हे पटले. कन्नड शीर्षक शेजारच्या वहिनींकडून लिहून घेते. आता शेवटचा प्रश्न : रविवारचा ब्लाऊज गर्द हिरव्या खणाचा आहे, त्यावर अक्षरे पिवळी ठेवू की पांढरी?

अक्षरजुळारी, बेळगाव
कोणत्याही रंगाची असोत, खणावर ठेवू नयेत. त्याच्या बारीक बुट्ट्यांत जाड अक्षरही हरवते. ब्लाऊज उजवीकडे घेऊन डावीकडे कटिंगच्या टेबलाचा रिकामा भाग येईल असा फोटो काढावा आणि अक्षरे त्या रिकाम्या भागावर लावावीत. टेबल फिक्या रंगाचे असेल तर काळी अक्षरे बिनकिनारीची चालतील.