रिकिबीशिवाय घोड्यावरची लढाई (आपल्या ग्रुपवरून)

सायली, बी-३०४: इतिहासवाले कुणी जागे आहेत का? ओंकारच्या क्विझमध्ये 'हिप्पोमाखिया' आलंय. घोडदळाची लढाई एवढं कळलं, पुढे काय सांगू त्याला?

देशपांडे काका, ए-१०२: जुना ग्रीक शब्द. इ.स.पू. ४३१ मध्ये अथेन्सजवळ झालेली स्वारांची एक छोटी चकमक ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस याच शब्दात सांगतो. अथेन्स आणि थेसलीचे स्वार शत्रूच्या बिओशियन स्वारांसमोर टिकून होते, पण बिओशियनांच्या मदतीला पायदळ आलं आणि यांना पळावं लागलं.

निखिल, सी-७०१: काका, ग्रीकांकडे रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, कुठे होती? भाला मारला की स्वारच मागे पडणार. नावालाच घोडदळ!

देशपांडे काका: रिकीब नव्हती, आपल्यासारखं खोगीरही नव्हतं, फार तर पाठीवर कापड. पण मांड पक्की होती ना! झेनोफन हा ग्रीक लेखक स्वतः स्वार होता, त्याने घोडेस्वारीवर पुस्तकच लिहिलंय. खुर्चीत बसल्यासारखं बसू नका, पाय फाकवून ताठ उभे असल्यासारखे बसा, पकड मांड्यांची, गुडघ्याखाली पाय सैल. लांब भाला त्याला पसंत नाही, सहज मोडतो म्हणून. त्यापेक्षा आखूड भाले दोन घ्या, एक फेकला तरी दुसरा हातात राहतो. आणि तलवार वाकडी, उंचावरून वार करायला सोयीची.

जोशी मॅडम, ए-४०१: पण यानेच घोडेस्वारांची टिंगल केली होती ना? घोडा चावून किंवा लाथ मारून लढाईत कुणी मेलं नाही, म्हणे. स्वार आपल्याला घाबरतात आणि पडायलाही.

देशपांडे काका: हो, इ.स.पू. ४०१. परक्या मुलखात अडकलेली ग्रीक फौज, समोर पर्शियन स्वार, आपल्याकडे घोडदळ शून्य. धीर द्यायला माणूस आणखी काय बोलणार? पुढे त्या स्वारांनी छळल्यावर यानेच सामानाचे वगैरे घोडे काढून ५० स्वार उभे केले. माझा विश्वास त्या ५० वर, भाषणावर नाही.

निखिल: 😄 मान्य. आणि अलेक्झांडर?

देशपांडे काका: ग्रॅनिकस नदीवरची पर्शियनांशी लढाई, इ.स.पू. ३३४. इतिहासकार एरियन म्हणतो, लढाई घोड्यांवरून चालली होती, पण वाटत होती पायदळाची, इतके घोड्याला घोडे आणि माणसाला माणसं भिडली होती. अलेक्झांडरचा भाला मोडला, दुसऱ्याचा घेऊन लढला. मागून एकाने तलवार उगारली, तर अलेक्झांडरचा सरदार क्लायटस, त्याने त्या माणसाचा हातच खांद्यापासून उडवला. सगळं रिकिबीशिवाय.

सायली: ओंकार विचारतोय, क्लायटसला बक्षीस काय मिळालं?

देशपांडे काका: सहा वर्षांनी दारूच्या भरात अलेक्झांडरनेच त्याला भाला खुपसून मारलं.

सायली: काका!! झोपायची वेळ आहे त्याची 🙈