पहिली भयकादंबरी: कुठल्या पानाशी मिटलीत?

गूढ भयकादंबरी पहिल्यांदा वाचताना असं एक पान येतं, की हात आपोआप पुस्तक मिटतो. तुमचं कुठलं? 'जाम टरकलो' एवढ्यावर भागवू नका, नेमकं काय वाचून टरकलात ते लिहा. सुरुवात मीच करते.

माझी 'ड्रॅक्युला'. १८९७ सालचं पुस्तक आपल्याला काय घाबरवणार, अशा तोऱ्यात उघडलं. तरुण वकील दाढी करतोय, खांद्यावर यजमानाचा हात पडतो आणि आरशात मागे कोणीच नाही. इथवर मी शाबूत होते. पुढे तेच महाशय गढीच्या भिंतीवरून पालीसारखे, डोकं खाली करून सरपटत उतरतात. मिटलं! नंतर वाटलं, खरी गोम सांगण्याच्या पद्धतीत आहे. सगळी कादंबरी रोजनिशा, पत्रं, तारा यांची. मागाहून गोष्ट सांगणारा 'मी' निदान जगलेला तरी असतो. रोजनिशी लिहिणाऱ्याचं उद्या काय होईल, ते त्यालाही ठाऊक नसतं.

*

हसा खुशाल, पण मी आधी शेवटचं पान वाचलं. कोण जगतंय ते बघून मगच पहिलं. तरी व्हायचं ते झालंच, रात्रभर दिवा चालू.

*

१९५९ची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस'. (रसभंग नको असेल तर पुढच्या अनुभवावर जा.) काळोखात पलीकडून पुटपुटणं ऐकू येतं, मग लहान मुलाचं रडणं. नायिका शेजारच्या खाटेवरच्या मैत्रिणीचा हात घट्ट धरून पडून राहते. उजेड होतो तर मैत्रीण आपल्या खाटेवर, लांब. मग हात कोणाचा धरला होता? रक्ताचा थेंब नाही, भूत दिसत नाही. मी कुशीवर वाचत होतो, डावा हात खाटेबाहेर लोंबत होता. तो आत घेतला, पण अगदी हळू. झटक्यात ओढायचीही छाती होईना.

*

मला भीती वाटलीच नाही, संताप आला. मलपृष्ठावरच्या मजकुरात घरात कोण लपलंय ते छापून टाकलेलं! लिहिणाऱ्याने दोनशे पानं दडवलं, ते या शहाण्यांनी चार ओळींत उघडं केलं.

*

माझी प्रत कोणाकडून तरी हातोहात आलेली. रात्री दीडला ऐन रंगात आलेलो. माडीवरच्या बंद खोलीची मूठ आतून फिरते, कडी खाली येते आणि... पुठ्ठा. शेवटचा फर्मा, सोळाच्या सोळा पानं, बांधणीतच राहून गेलेला. पुस्तक उलटं धरून झटकलंसुद्धा, जणू पानं आत कुठे अडकली असावीत. पुढे बऱ्याच वर्षांनी धड प्रत मिळाली. त्या खोलीतून निघतो एक म्हातारा, आणि तीन पानं खुलासा देत बसतो. माझ्या खोलीतून निघालेलं फार वाईट होतं.