मनीला शनिवारपर्यंत कोणी ठेवेल का? घरी फ्लू आहे

अनघा:
नमस्कार मंडळी, आम्ही दोघंही तापाने आडवे आहोत. टेस्टमध्ये इन्फ्लुएन्झा ए निघाला. मनीला शनिवारपर्यंत कोणी ठेवेल का? वर्षाताई, गणपतीत तुमच्याकडेच होती, म्हणून आधी तुम्हालाच विचारते. मंगेश म्हणतो माणसाचं दुखणं मांजराला लागत नाही, पण सकाळपासून ती शिंकतेय आणि खाण्याला तोंड लावत नाहीये.

वर्षा:
अगं, संध्याकाळी येऊन घेऊन जाते, मऊभाताचा डबाही आणते. मंगेशचं बरोबर आहे. मला सर्दी झाली तरी माझी तिघं उशाशीच झोपतात, आजवर काही झालं नाही.

निशा:
वर्षाताई, डबा न्या, पण मनीला आणू नका! साधी सर्दी त्यांना लागत नाही हे खरं, पण फ्लू लागतो. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत इथे आयोवातच एका घरातली माणसं आधी आजारी पडली, मग त्यांचं १३ वर्षांचं मांजर. तपासणीत तोच एच१एन१ निघाला. ते बरं झालं, ओरेगॉनमधलं एक मात्र न्यूमोनियाने गेलं. कोविडही तसाच. एप्रिल २०२० मध्ये ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयातल्या नादिया वाघिणीला लागण झाली, ती माणसाकडूनच असं धरलं गेलं. तुमच्या बोक्याची किडनी आधीच नाजूक आहे, त्याच्या शेजारी शिंकणारी मांजर नको.

अनघा, तिला घरीच वेगळ्या खोलीत ठेव. ज्याला कमी ताप आहे त्याने मास्क लावून, हात धुऊन खायला द्यावं. पापे घेणं, अंथरुणात घेणं बंद. क्लिनिकला आधी फोन कर, घरी फ्लू आहे हे सांग. आणि टायलेनॉल, म्हणजे पॅरासिटामॉल, अजिबात देऊ नका, अर्धी गोळीही मांजराच्या जिवावर बेतते.

नंदूकाका:
टायलेनॉलचं माहीत नव्हतं. बाळाच्या तापाचं पातळ औषध चालतं का? आमच्या सुनेने तेच काढून ठेवलंय.

निशा:
नाही काका, तेही तेच, पॅरासिटामॉल. सॅनिटायझरने अंगही पुसू नका, मांजर ते चाटून पोटात घेते.

श्रीकांत:
आमच्या ब्रूनोला कोविडमध्ये काहीच झालं नाही, घरात चौघं पॉझिटिव्ह होतो.

निशा:
कुत्र्यांना तो मांजरांपेक्षा कमी लागतो. पण हाँगकाँगमध्ये २०२० मध्ये कुत्र्यांतही सापडला होता.

वर्षा:
ठीक आहे, नाही आणत. पण कोणाचं जनावर कोणाकडे राहणार ती यादी मी सांभाळते, तेव्हा असं काही असेल तर आधी मला फोन करत जा, सगळ्यांना मेल नको. अनघा, डबा दाराशी ठेवते, बेल वाजवून निघेन.

अनघा:
क्लिनिकने साडेचारची वेळ दिलीय, गाडीतच थांबायला सांगितलंय. मंगेशला उठवत नाही, मीच मास्क लावून नेते. वर्षाताई, डबा पाचनंतर ठेवाल?

नंदूकाका:
शनिवारच्या हळदीकुंकवाचं वाणाचं सामान अनघाच्या गॅरेजमध्ये आहे ना? ते कोण आणणार?